‘दा’ म्हणजे ‘णे’ नव्हे

निलंग्याहून पुण्याकडं कामाला गेलेली मुलं रात्री माझ्या ऑनलाइन वर्गात बसतात. रांजणगावला एलजीचा कारखाना, तळेगावला ह्युंदाईचा. चार शब्द कोरियन येत असले तर बरं, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी यादी पाठ करून येतं: कादा म्हणजे जाणे, मॉक्ता म्हणजे खाणे, हादा म्हणजे करणे. मग वाक्य जुळवतं, ‘हाक्क्योए कादा.’ मी विचारतो, “‘मी शाळेत जाणे’ असं तू घरी बोलतोस का?”

क्रियापद कोशात कोणत्या रूपात मांडायचं, हे भाषाभाषांत निराळं. संस्कृत कोशात गम्, कृ असे धातू असतात. मोल्सवर्थनं १८३१ च्या मराठी कोशात ‘करणें’, ‘जाणें’ अशी रूपं दिली. कोरियन कोशात शेवटी ‘दा’ येतो (मॉक्तातला ‘ता’ हा त्याचाच उच्चार). तो काढला की धातू उरतो, आणि बोलताना त्याला प्रत्यय लागतो. धातूतला शेवटचा स्वर ‘आ’ किंवा ‘ओ’ असेल तर ‘आयो’, नाहीतर ‘ऑयो’. कादाचं कायो, मॉक्ताचं मॉगॉयो. हादा मात्र वेगळा, त्याचं हेयो. मराठी मुलांना एक सुख असं, की जातो-जाते-जातात हा भेदच तिथं नाही; मी, ती, ते, सगळ्यांना कायोच.

आपली माणसं अडखळतात ती ‘णे’मुळं. आपला ‘णे’ कोशातून उठून घरभर वावरतो. ‘गावी जाणं आवडतं’ म्हणताना तो नाम होतो, ‘अर्ज वेळेत सादर करणे’ या सूचनेत आज्ञा होतो. ‘दा’ला यातलं काहीच जमत नाही. ‘जाणं नको वाटतं’ म्हणायचं तर ‘कागी शिरॉयो’. इथं ‘दा’ जाऊन ‘गी’ येतो.

मग कोशातलं रूप शिकायचं तरी कशाला? कानावर ‘तुरॉयो’ पडलं, तर ते कोशात ‘तुत्ता’, म्हणजे ऐकणे, या शब्दाखाली शोधावं लागतं. मराठी शिकणाऱ्या कोरियन माणसाला ‘गेला’ ऐकून ‘जाणे’ उघडावं लागतं, तसंच. निलंग्यातलं ‘काय करूलालास?’ हेही कुठल्या कोशात तसंच्या तसं मांडलेलं नसतं. आत ‘कर’ आहे हे ओळखावं लागतं. आपण ते लहानपणापासून ओळखत आलो आहोत.

म्हणून मी वहीत दोन रकाने आखायला लावतो: डावीकडं कादा, उजवीकडं कायो. डावा रकाना शोधण्यासाठी, उजवा तोंडात बसवण्यासाठी. रोज पाच क्रियापदं लिहायची आणि फक्त उजवा रकाना मोठ्यानं म्हणायचा.