दोन पाटे कमी

आमची जीप मागून बसली आहे, हे प्रथम माझ्या मेहुण्याने जाहीर केले. भाऊबीजेला तो आणि ताई माळेगावला आले होते. ओवाळणी, फराळ सारे यथासांग झाल्यावर तो अंगणात आला, पानाची पिंक टाकायला जागा शोधत जीपच्या मागे गेला आणि म्हणाला, "हिची मागची बाजू बघ. बाळंतपणाला माहेरी आलेल्या म्हशीसारखी टेकलीय." मेहुण्याच्या उपमा अशाच असतात. मी हसून सोडून दिले.

ही २०२३ सालची गोष्ट. त्याच रात्री मात्र हसू मावळले.

माळेगाव बुद्रुकात आमचे घर गावात नाही, वस्तीवर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने थोडे जायचे, मग चारी ओलांडून काळ्या रानातली वाट. पावसाळ्यात या वाटेवर मोटार आणणारा माणूस एकदाच आणतो. म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फार वर्षांपूर्वी जुनी महिंद्रा एमएम ५४० घेतली. दादा कारखान्यात नोकरीला होते, थोडा ऊस होता. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती आणि हौसही नव्हती. त्यांना चिखलातून बाहेर काढणारे चार चाकांचे काहीतरी हवे होते, ते मिळाले.

त्या रात्री ताईला बारामतीला सोडायला निघालो. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर ताई, मेहुणा, त्यांची दोन मुले, माझी मुलगी, आणि चकल्या-करंज्यांचे डबे. गळीत हंगाम सुरू झालेला. नीरा-बारामती रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर येत आणि त्यांचे चालक आम्हांला दिवे मारून शिव्या देत. मला कळेना, मी तर दिवे खाली ठेवले होते! आणि एका वळणापुढे, अगदी हातभर उरल्यावर, उसाने लादलेली बैलगाडी दिसली. गाडीला मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. उसाच्या वाढ्यांवर ऊसतोड्याचे एक पोर झोपलेले. ब्रेक दाबला. जीप तिरकी झाली, मागे काहीतरी धाडकन आपटले, आणि बैलगाडीच्या साट्याला घासून थांबली. कुणाला काही झाले नाही. पोर जागेदेखील झाले नाही. ताईने मात्र घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

मागाहून मी गणित मांडले. माझ्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सुमारे ९१ इंच. माणसे बसल्यावर मागची बाजू तीन इंच खाली गेली, की पुढचे नाक तेवढ्याच प्रमाणात वर होते. मग पंचवीस मीटरवर दिव्याचा झोत पाऊण मीटरहून अधिक उंच पडतो. म्हणजे समोरच्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांत उजेड, आणि माझ्यापुढच्या बैलगाडीवर अंधार.

तेव्हा गाडी दुरुस्त करणे भाग होते. शहरात राहणारा माणूस करतो तेच मी केले: पुण्यात एका दुकानात जाऊन मागचे दोन नवे शॉकअप घेतले. पैसे गेले, गाडी होती तिथेच राहिली. शॉकअप वजन उचलत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. तो फक्त हिंदोळा थांबवतो. झोका कितीही लवकर थांबवला तरी झोपाळ्याची फांदी त्याने जाड होत नाही. दुसरा एक जण म्हणाला, लांब शॅकल टाका, गाडी वर येईल. वर येईल हे खरे, पण माणसे बसल्यावर तितकीच खाली जाईल. तिसऱ्याने ट्रकचा एक जाड पाटा घालण्याचा सल्ला दिला. हा सल्ला ऐकला असता तर काय झाले असते? पाट्याची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. रिकामी जीप रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारत गेली असती.

पाट्यांची ही युक्ती जुनी आहे. आपल्या टांग्याला याच कमानी असत. लांब पाटा वर, त्याखाली एकाहून एक आखूड, सगळे मधोमध आवळलेले. जितके वजन तितका वाक, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रजाने १६७८ साली छापून ठेवला. १९४१ मध्ये अमेरिकन लष्करासाठी विलीज जीप निघाली तीही चारी चाकांना पाटे घेऊनच. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीने पुढे तिचीच जुळणी आपल्याकडे सुरू केली, आणि आमची ५४० ही त्याच घराण्यातली. पाटा मोडला तर खेड्यातला लोहारही सांधून देतो, म्हणून या घराण्याने तो फार वर्षे सोडला नाही.

मग मी ताठपणा मोजायचे ठरवले. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या चार गोण्या मागच्या चाकांच्या बरोबर वर रचल्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने आधी व नंतर घेतले. १८० किलोला गाडी दीड इंच बसली. म्हणजे सहा माणसे, धरा ३६० किलो, की तीन इंच. आणि तीन इंचांखाली रबराचा ठोकळा! त्या रात्रीचे ते धाडकन तेच होते. माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा प्रकार पाहत होती. ती म्हणाली, "गोण्यांना बारामतीला सोडायचंय का?"

टेप घेऊन मी बारामतीच्या एका मिस्त्रीकडे गेलो. पाट्यांचेच काम करणारा, साठी उलटलेला माणूस. त्याने माझा कागद पाहिला, घडी घालून परत दिला, आणि गाडीखाली शिरला. बराच वेळ आतून नुसती ठोकाठोक ऐकू आली.

"साहेब, पाटं बसल्यात असं म्हणताय न्हवं? बसल्यालं न्हाईत. कमी हायेत. दर बाजूला दोन."

"तुटले असतील."

"तुटलं असतं तर तुकडा क्लिपात अडकला असता. आन् हितं बघा, पाट्याच्या जाडीची लोखंडी भर घातलीया, यू-बोल्ट नीट आवळावा म्हणून. तुटल्यावर भर कोण घालतंय? काढल्यालं हाय ह्ये."

"कुणी काढले?"

मिस्त्री बाहेर आला. चिंधीने हात पुसत म्हणाला, "म्याच काढलं. दादांनी सांगितलं हुतं. आईसायबांच्या टायमाला."

आईच्या मणक्याचे दुखणे २०१३ साली सुरू झाले. दर महिन्याला पुण्याला न्यावे लागे: नीरा, वाल्हे, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट उतरून हडपसर. पुण्याच्या डांबरी रस्त्यावर भाड्याची मोटार चालली असती. पण वस्तीपासून रस्त्यापर्यंतच्या त्या वाटेवर मोटार येत नव्हती, आणि आईला एकदा उचलून गाडीत निजवले की मध्ये दुसऱ्या गाडीत हलवणे तिला सोसत नव्हते. म्हणून जीप. मागचा एक बाक काढून दादांनी तिथे गादी घातली होती, एवढे मला ठाऊक होते. पाट्यांचे ठाऊक नव्हते.

मिस्त्रीने सांगितले ते असे. भरल्या गाडीसाठी केलेले पाटे एका हलक्या बाईला दगडासारखे लागतात. चाक खड्ड्यात गेले की पाटा वाकायच्या आधी गाडीच उडते. दोन पाटे काढले की उरलेले लवकर वाकतात, धक्का आखडता न लागता लांबतो. दादांनी प्रथम एकच पाटा काढून पाहिला. आईला विचारले. मग दुसरा. "तिसरा काढा म्हणत हुतं," मिस्त्री म्हणाला, "म्या न्हाई म्हणलं. घाटात गाडी झोकांडी खाईल."

मला त्या वर्षांतल्या दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे दादा मागे कुणाला बसू देत नसत. पाहुणे आले तर त्यांना सरळ एसटीचे तिकीट काढून देत. "मागे गर्दी नको," एवढेच. आम्ही मुले मागाहून हसायचो, की म्हातारा डिझेल वाचवतो. आणि दुसरी अशी, की २०१५ च्या गणपतीत मी स्वतः त्यांना बोललो होतो. गाडी टेकलेली पाहून म्हणालो, "दादा, पाट्यांना असे किती पैसे लागतात? मी देतो. माणूस इतका चिक्कू नसावा." आई आत झोपली होती. दादांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

आई २०१७ मध्ये गेली. दादा २०२२ मध्ये.

"मग ते पाटे कुठे आहेत?" मी विचारले.

"घरीच न्हेलं की. दादा काय टाकून देतेत व्हय?"

माळ्यावर मिळाले. कडब्याच्या मागे, ग्रीसने माखून गोणपाटात बांधलेली दोन गाठोडी. चारही पाट्यांना गंजाचा ठिपका नाही. दादा सगळ्यालाच चिठ्ठी लावत, बियाणाच्या डब्यालासुद्धा. इथेही होती, सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्यावर: एकावर "डावीकडचे", दुसऱ्यावर "उजवीकडचे", आणि दोन्हींखाली "परत बसवणे. ऑगस्ट २०१४."

मी ताईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नको बसवूस ना." थोड्या वेळाने तिनेच पुन्हा फोन केला आणि विचारले, ते बैलगाडीवरचे पोर केवढे होते? मी सांगितले, असेल चार-पाच वर्षांचे. "बसव," ती म्हणाली.

मिस्त्रीने जुने पाटे सोडवले, तारेच्या ब्रशने घासले, मधे ग्रीस भरले, काढलेले चार जागच्या जागी बसवले. शॅकलचे बुश झिजले होते ते बदलले, आणि यू-बोल्ट नवेच घातले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, असे त्याचे मत पडले. गाडी रिकामी असतानाच अर्धा-पाऊण इंच वर आली. मी कमान ठोकून आणखी चढवू का म्हटले, तर म्हणाला, "उंची वाढंल, जोर वाढणार न्हाई. उगं कशाला?" मजुरी त्याने पुरेपूर घेतली, एक रुपया सोडला नाही. मला ते बरेच वाटले.

घरी येऊन पुन्हा गोण्या रचल्या. १८० किलोला एक इंच. मग गोठ्याच्या भिंतीसमोर जीप उभी करून, मागे पोरांना बसवून, दिव्यांचे स्क्रू फिरवले आणि झोताची वरची कड खडूने आखली.

ताई संक्रांतीला आली तेव्हा म्हणाली, मला मागे बसायचंय, एकटीला. मी तिला कालव्यापर्यंत नेले. गाडी आता रिकामी असली की खडखडते. तिचे डोके दोनदा वर आपटले. चारीपाशी आल्यावर माझा हात आपोआप पहिल्या गिअरवर गेला. दादा तिथे नेहमी गाडी जवळजवळ थांबवत, डावे चाक आधी उतरवत, मग उजवे. मी तसेच केले.

"लागलं का?" मी विचारले.

"लागलं," ताई म्हणाली. "चल पुढे."