वहिनीवर जीव जडलेली काओरू

"हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत," अभ्यासवर्गात मी एका जुन्या जपानी मूकपटाचा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला. राग आला नाही, पण उत्तर द्यायलाच हवं.

चित्रपट 'फुकुजुसो', १९३५चा, दिग्दर्शक जिरो कावाते. नाव एका पिवळ्या फुलाचं. काओरू ही शाळकरी मुलगी. भावाचं लग्न होतं, घरात वहिनी येते आणि काओरूचा तिच्यावर जीव जडतो. नणंद-भावजय म्हटलं की आपल्याला जात्यावरच्या ओव्यांतली धुसफूस आठवते. इथे नणंदच भावजयीच्या प्रेमात आहे!

मूळ कथा नोबुको योशिया या लेखिकेची. तिच्या 'फुलांच्या कथा' १९१६पासून मुलींच्या मासिकात येऊ लागल्या. जपानमधल्या मुलींच्या शाळांत अशा प्रेमाला 'एस' म्हणत. सिस्टर या शब्दाचं आद्याक्षर. ते सगळ्यांना ठाऊक होतं, चालतही होतं. अट एकच: शाळा सुटली की ते संपवायचं आणि घरच्यांनी ठरवलेल्या ठिकाणी नांदायला जायचं. १८९८च्या कायद्याने लग्नाला कुटुंबप्रमुखाची संमती लागे. म्हणजे प्रेमाला परवानगी होती, पण मुदतीची. १९११ साली मुलींच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या दोघींनी एकत्र जीव दिला. त्यांची मुदत संपली होती.

'फुकुजुसो'ची धार इथेच आहे. यातलं प्रेम शाळेत नाही, घरात आहे. लग्नाने ते संपत नाही, लग्नामुळेच सुरू होतं.

जात टिकते ती स्त्रीच्या लग्नावर पहारा ठेवून, हे बाबासाहेबांनी त्याच १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं. मग कुणी कुणावर प्रेम करायचं हा प्रश्न आपला नाही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्या कार्यकर्त्याचं अर्धं म्हणणं मात्र खरं आहे. त्या शाळांत जायला पैसा लागायचा. त्याच काळात गरीब शेतकऱ्यांच्या पोरी सूत-रेशमाच्या गिरण्यांत राबत होत्या, रात्री कुलूपबंद वसतिगृहांत झोपत होत्या. त्यांचं प्रेम काओरूच्या पडद्यावर नाही.

योशियाने स्वतः लग्न केलं नाही. १९२३ साली तिला चियो मोन्मा भेटली, ती शेवटपर्यंत सोबत राहिली. दोघींच्या नात्याला कायद्यात जागा नव्हती. म्हणून १९५७ साली, साठी ओलांडल्यावर, योशियाने चियोला दत्तक घेतलं. सरकारदरबारी ती तिची मुलगी झाली.