कॉस्मोपॉलिटन कोण? मुंबई, पुणे आणि आमची वरची खोली

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या पत्रकारितेच्या डिप्लोमाच्या बॅचचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. निम्मे मुंबईत, निम्मे पुण्यात, आणि चंद्रपुरात मी एकटा. दर दोन-तीन महिन्यांनी तिथं एकच भांडण पेटतं : खरं कॉस्मोपॉलिटन शहर कोणतं, मुंबई की पुणे? परवा पुन्हा पेटलं. मुंबईवाल्यांनी इराणी हॉटेलं, पारशी, बोहरी, गिरणगाव काढलं. पुणेवाल्यांनी कॅम्प, हिंजवडी आणि परदेशी विद्यार्थी. शेवटी एकानं मला डिवचलं, "काय रे ताडोबा, तुला काय वाटतं?" मी एक हसरा इमोजी टाकून सुटलो. पण उत्तर डोक्यात घोळत होतं. ते इथं लिहितो.

दोन्ही शहरांत मी राहिलोय. २००२ साली डिप्लोमासाठी पुण्यात गेलो. पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याला म्हटलं, "दोन रुपयाचा सांबार द्या." त्यानं मला समोरचं उडप्याचं हॉटेल दाखवलं! आपल्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याला कुठून माहीत असणार? तो विषय हसण्यावारी गेला. पण वर्गात तोंडून "पानी", "कोन", "मले" निघालं की कोणीतरी थांबवून दुरुस्त करायचं. दुरुस्त करणारे वाईट नव्हते हो. पुस्तकं द्यायचे, नोट्स द्यायचे, सणाला घरी जेवायला बोलवायचे. आमच्या ओळखीत एक इराणी विद्यार्थी होता. त्याची मोडकी मराठी सगळ्यांना गोड वाटायची. माझी मात्र अशुद्ध!

पुढं दीड वर्ष मुंबईत एका पेपरात काम केलं. तिथं मी कसा बोलतो याच्याशी कोणाला घेणंदेणं नव्हतं. लोकलमध्ये शेजारी गुजराती, समोर मल्याळी, दारात लटकलेला जौनपूरचा, आणि सगळ्यांची मिळून एक तुटकी हिंदी. ती कोणालाच धड येत नसल्यामुळं कोणी कोणाला दुरुस्त करत नव्हतं. माझी झाडीबोली त्यात खपून गेली. मात्र तापानं चार दिवस पडून होतो तेव्हा कोणी विचारायलाही आलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

हा फरक का, याला इतिहास आहे. मुंबई बंदर आणि गिरण्यांवर वाढली. पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली, आणि त्यानंतर कोकण, घाट, गुजरात, उत्तर भारत, जिथून हात मिळतील तिथून माणसं आली. सगळेच पोटासाठी आलेले, त्यामुळं कोण कुठला हे विचारायला फुरसत नव्हती. पुणं आधी पेशव्यांचं, मग लष्कराच्या छावणीचं, मग कॉलेजांचं शहर. तिथंही बाहेरचे जुनेच आहेत. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या नावाचं वाचनालय काळा घोड्याला आहे, आणि त्यांनीच बांधायला घेतलेलं ज्यूंचं लाल देऊळ १८६७ पासून पुण्याच्या कॅम्पात उभं आहे. १९७१ साली शां. ब. मुजुमदारांनी सिम्बायोसिस काढली तीही परदेशी विद्यार्थ्यांचे हाल बघून. म्हणजे पुणं बाहेरच्याला शिकवायला घेतं, मुंबई त्याला कामाला लावते. रस्त्यावरच्या हिशेबात मी मुंबईला पुढं ठेवीन.

पण रस्ता ही सोपी परीक्षा आहे. खरी परीक्षा खोली भाड्यानं घेताना होते. आणि तिथं दोन्ही शहरांचे मार्क एकदम खाली येतात.

पुण्यात खोली बघायला गेलो की आधी आडनाव. आडनावावरून कळलं नाही की पुढचा प्रश्न, "म्हणजे तुम्ही कोण?" आमच्या भागातला एक '-वार' आडनावाचा मित्र सोबत होता. तेलुगू मुलखाशी जुनं नातं सांगणारी ही आडनावं तिथं कोणाला उलगडत नसत. त्याला दर ठिकाणी तोंडी परीक्षा द्यावी लागायची. मुंबईत एजंट फोनवरच विचारायचा, "व्हेज की नॉनव्हेज?" मुसलमान सहकाऱ्याला तर तेवढंही विचारत नसत, नाव ऐकूनच खोली गेलेली असायची. आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला मराठी म्हणून ऑफिसला जागा नाकारली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला. शिव्याही दिल्या. मीही दिल्या.

आता आपल्याकडं येतो.

आपण लई अभिमानानं सांगतो, बल्लारपूर म्हणजे मिनी भारत! खोटं नाही ते. पेपर मिल, कोळसा खाणी आणि रेल्वे जंक्शननं तिथं तेलुगू, बिहारी, बंगाली, पंजाबी, सगळे आणून बसवले. राजुरा एकेकाळी निजामाच्या राज्यात होता. सिरोंच्यात बाजार तेलुगूत होतो. मुलचेरा, चामोर्शीकडं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. चंद्रपुरात तर एका चौकाचं नावच बंगाली कॅम्प. इतक्या भाषा कानावर पडत मोठं झालेल्या माणसानं मुंबई-पुण्याला सहज नावं ठेवावीत. मी ठेवायचो.

चार वर्षांपूर्वी आमची वरची खोली रिकामी झाली. एक पोरगा सायकलवर बघायला आला. भामरागडच्या पलीकडचा, माडिया. पोलीस भरतीची तयारी करायला चंद्रपुरात आलेला. खोली आवडली. भाडं मान्य. निघताना म्हणाला, "सर, तुम्ही पेपरात लिहिता ना? पर्लकोटाच्या पुराचं तुमचं वाचलं होतं मी."

मी त्याला म्हणालो, "भाऊ, कालच एकाला हो म्हटलं रे."

कोणालाही हो म्हटलं नव्हतं. खोली पुढं तीन आठवडे रिकामी होती. आईनं विचारलं, "बरं पोट्टं होतं ना बापा, काऊन नाही दिली?" मी म्हटलं, "तिकडचा आहे, उगाच पोलिसांची चौकशी, कटकट नको." जो पोरगा पोलिसात जायची तयारी करत होता, त्याच्याबद्दल मी हे बोललो! आईनं काही म्हटलं नाही. मग खोली एका खाणीतल्या इंजिनिअरला दिली. तो तेलंगणाचा. त्याचं गाव, जात, खाणं, काही विचारलं नाही. कंपनीचं ओळखपत्र बघितलं आणि किल्ली दिली.

तेव्हा कळलं की मुंबई-पुण्याचं कॉस्मोपॉलिटनपण कसं चालतं. पगाराची स्लिप असली की बंगाली, तमीळ, पंजाबी, सगळे चालतात. हिंजवडीत चालतात, पवईत चालतात, आमच्या तुकूममध्येही चालतात. ज्याच्याकडं स्लिप नाही त्याच्याच आडनावाची, ताटाची आणि गावाची चौकशी होते. भामरागडच्या पुरावर मी दर पावसाळ्यात लिहितो, शंभर गावांचा संपर्क तुटला म्हणून. तो पूर ओलांडून एक जण माझ्या दारापर्यंत आला होता.

त्या पोराचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. नंबर ठेवला नव्हता.

ग्रुपवर मी अजून उत्तर दिलेलं नाही. दिलं तर एवढंच देईन : रस्त्यावर मुंबई, वाचनालयात पुणे, आणि दारात तिघंही नापास.

या महिन्यात खोली पुन्हा रिकामी होतेय. जूनमध्ये एटापल्ली, भामरागड, अहेरीकडून पोरं-पोरी शिकायला येतील. कोणाला खोली लागत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. भाडं आणि लाइट बिल, एवढंच विचारीन. आणि तुमच्याकडं खोली रिकामी असेल तर तुम्ही काय विचारता, ते जरा खरं खरं खाली लिहा.