खाडीपलीकडचं गाव आणि घरची बोलेरो

पनवेल, मुंब्रा, कौसा, नवी मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्या कोकणी मुस्लिम घरांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. ईदला, लग्नाला किंवा मे महिन्यात गावाला जायचं तर कसं? एसटी आहे, रेल्वे आहे. पण अम्मीचे गुडघे, लहान मुलं, तांदळाच्या पिशव्या आणि परतीच्या आंब्याच्या पेट्या यांचा हिशेब मांडला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "आपली एक गाडी असती तर!"

आमच्या घरात ही इच्छा 4 वर्षं नुसती बोलण्यात होती. बँका आणि फायनान्स कंपन्या हप्त्यावर गाडी द्यायला तयार होत्या, पण व्याज द्यायचं नाही हे घरात ठरलेलं होतं. शेवटी दोघा भावांची बचत, एक भिशी आणि कुवेतमधल्या मामूंनी दिलेलं कर्ज-ए-हसना एवढ्यातून 2017 ची एक जुनी बोलेरो घरी आली. मामूंचे पैसे कधी आणि कसे परत करायचे हे कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवलं. नात्यात कागद कशाला, असं काहींना वाटलं. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि त्यामुळं नात्यातला गोडवाही टिकतो.

बोलेरोच का? ही गाडी 2000 सालापासून रस्त्यावर आहे. तालुक्याच्या बाजारातला मेकॅनिकही तिचं काम जाणतो आणि सुटे भाग कुठंही मिळतात. खाली मजबूत चासी, मागं ट्रकसारखे पाटे, 180 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. त्यामुळं गावातल्या जांभ्या दगडाच्या वाटेवर पोट घासत नाही. बसायला सातजण. उणिवाही सांगायला हव्यात. आवाज जास्त, वळणावर अंग डोलतं आणि मागच्या समोरासमोरच्या बैठकांवर लांबच्या प्रवासात त्रास होतो. जुन्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस असतीलच असं नाही. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाआधी हे विचारा.

माणगावपर्यंत महामार्ग

आमचं गाव दाभोळजवळ. सरळ जायचं तर मुंबई–गोवा महामार्गानं पोलादपूर, कशेडी, खेड आणि मग दापोली. घाई असेल तर हीच वाट बरी. पण हाताशी पूर्ण दिवस असला की आम्ही किनाऱ्याची वाट धरतो. फजरनंतर सफरची दुआ पढून निघायचं आणि पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड करत माणगावला नाश्ता करायचा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीभोवती एक फेरी होते. इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट पाहायचं. पाचही टायरची हवा तपासायची. पाचवा म्हणजे मागच्या दाराला लटकलेली स्टेपनी, जिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते. वायपरचं रबर, दोन्ही हेडलाइट, ब्रेकलाइट, जॅक आणि पाना पाहायचा. ही फेरी आता आमची 13 वर्षांची मुलगी घेते. वहीत खुणा करते आणि एखादी खूण राहिली तर अब्बांनाही निघू देत नाही.

माणगावला टाकी भरून घेतो. पुढं पंप आहेत, पण एकमेकांपासून लांब. आमची गाडी घाटवाटेवर लिटरला 13-14 किलोमीटर चालते. निघण्याआधीच खर्चाचा अंदाज असला की वाटेत चिडचिड होत नाही.

म्हसळा, श्रीवर्धन आणि घाटातला धडा

माणगावहून आत वळलं की हॉर्न आणि ट्रकांची गर्दी मागं राहते. मोर्बा, म्हसळा, श्रीवर्धन हा कोकणी मुस्लिमांच्या जुन्या वस्त्यांचा मुलूख. कौलारू घरांशेजारी आखातातल्या कमाईतून उभी राहिलेली दुमजली घरं दिसतात. बऱ्याच घरांना कुलूप असतं, कारण माणसं मुंबईत, दुबईत किंवा कुवेतमध्ये असतात. ओट्यावर एखादी वृद्ध दादी बसलेली असते. गाडी थांबवून सलाम केला की ती आधी विचारते, "कोणाचो रे तू?" आणि मग पाणी आणते.

या रस्त्यावर चढ-उतार आणि आंधळी वळणं पुष्कळ. गाडीत सामान आणि माणसं भरलेली असताना उताराला ब्रेकवर पाय ठेवून बसलं की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे भेटतात. त्यांनी वाचवलेले चार रुपये कोणाच्या तरी जिवाशी खेळून वाचवलेले असतात.

जुहरच्या वेळेला वाटेतल्या एखाद्या मशिदीत थांबतो. कोकणातले आपण बहुतेक शाफई मसलकचे, त्यामुळं लांबच्या सफरमध्ये कस्रबरोबर जुहर आणि असर एकत्र पढण्याची सवलत मिळते. थांबण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चालवणाऱ्याला विश्रांती मिळते. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, हे वाहन शिकवणारेही सांगतात.

जंगलजेटीतून पलीकडं

श्रीवर्धनच्या पुढं हरिहरेश्वरजवळ बागमांडला आहे. इथं सावित्री नदी समुद्राला मिळते आणि रायगड जिल्हा संपतो. पलीकडं रत्नागिरी जिल्ह्यातलं वेश्वी. मधल्या खाडीवर गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. बोटीत गाडी चढवली की इंजिन बंद, हँडब्रेक वर आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. मुलं कठड्याशी धावतात, अम्मी गाडीतच बसून तस्बीह फिरवतात आणि काही मिनिटांत पलीकडचा किनारा लागतो. पावसाळ्यात दर्याची हालत पाहून बोट बंद ठेवली जाते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

वेश्वीहून वाट केळशी, आंजर्ले, हर्णै अशी समुद्राच्या कडेनं जाते. केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. पापलेट, सुरमई घेण्याचा मोह आवरत नाही. पण बर्फाचा डबा नसेल तर घेऊ नका. मासळीचं पाणी गाडीच्या गालिच्यात मुरलं की तो वास महिनाभर जात नाही.

किनाऱ्यावर आणखी एक दृश्य हमखास दिसतं. तरुण मुलं गाडी थेट वाळूत उतरवतात. ओल्या वाळूत चाकं रुततात, भरती चढत येते आणि मग ट्रॅक्टर शोधत धावाधाव होते. गाडी वाचली तरी खारं पाणी तळाला, बेअरिंगला आणि वायरिंगला लागलेलं असतं. त्याचा परिणाम पुढं काही महिन्यांनी दिसतो. समुद्र पाहायचा तर गाडी रस्त्यावर लावून चालत जावं.

किनाऱ्यावर फिरणाऱ्या कोणत्याही गाडीचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. खारी हवा आणि लाल चिखल मिळून पत्रा आतून खातात. म्हणून परत आलो की पहिल्या दोन दिवसांत गाडीचा तळ गोड्या पाण्यानं धुऊन घेतो. पावसाळ्याआधी तळाला गंजरोधक थर, पाट्यांना आणि जोडांना ग्रीसिंग, बॅटरीच्या टोकांची सफाई आणि डिझेल फिल्टरमधलं साठलेलं पाणी काढणं, एवढं करतो. गावी गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॉनेट उघडून पाहत राहावं. भाताच्या कणग्यांमुळं घराजवळ उंदीर असतात आणि त्यांना वायरी फार आवडतात.

पाण्याची दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाड बुडाले, तेव्हा दारातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर एका स्टार्टमध्ये आतले भाग वाकतात. बॅटरीची तार काढून गाडी ओढतच गॅरेजला न्यावी. पाण्यामुळं झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद घ्यावी लागते.

विम्याबद्दल उलेमांमध्ये चर्चा आहे. आपल्या विश्वासातल्या आलिमना विचारून पुढचा निर्णय घ्यावा. पण थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे. आपल्या चाकाखाली कोणाचा कमावता हात गेला तर त्याच्या घराला भरपाई मिळावी यासाठी तो असतो. ज्यांच्याकडं हा कागद नाही, त्यांनी एखाद्या अनोळखी कुटुंबाचा हक्क धोक्यात ठेवला आहे असंच समजावं. पीयूसी आणि चांगले ब्रेक यांचंही तेच. धूर आपल्या गाडीतून निघतो, पण तो जातो शेजारच्या मुलांच्या छातीत. हुकूक-उल-इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, गाडी चालवतानाही आपल्यावर असतात.

गावात गाडी एकाची नसते

दापोली मागं टाकून उतरलं की दाभोळ येतं. वाशिष्ठी नदीच्या मुखावरचं हे गाव एकेकाळी नामांकित बंदर होतं. बहमनी आणि आदिलशाही काळात हजला जाणारे लोक इथून जहाजात बसत. जेट्टीपासून जवळच काळ्या दगडाची, घुमट आणि मिनारांची जुनी शाही मशीद आहे. लोक तिला माँसाहेबांची मशीद म्हणतात. आख्यायिका अशी, की विजापूरच्या राजघराण्यातल्या आयेशाबीबी हजला निघून इथवर आल्या, पण पुढचा प्रवास होऊ शकला नाही. तेव्हा सोबत आणलेलं धन त्यांनी मशिदीसाठी खर्च केलं.

गावात गाडी पोचली की तासाभरात बातमी पसरते. मग खरी परीक्षा सुरू होते. कोणाला तालुक्याला डॉक्टरकडं जायचं असतं, कोणाला लग्नाचं सामान आणायचं असतं. बोलेरोत सातजणांची जागा आहे, पण वरातीला अकराजण चढतात आणि मुलांना मागं कोंबलं जातं. "आपलीच माणसं आहेत, काय होतंय!" हे वाक्य अपघाताच्या बातमीआधी अनेकदा बोललेलं असतं.

आमच्या अब्बांनी म्हणून तीन नियम केले. ते गावातल्या सर्वांना सांगितले आहेत. पहिला, आजारी माणूस, बाळंतीण आणि मय्यत यांसाठी गाडी रात्री दोनलाही निघेल आणि डिझेलचे पैसे कोणी विचारायचे नाहीत. दुसरा, सातच्या वर आठवा माणूस बसणार नाही. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी होईल. तिसरा, परवाना नसलेल्याच्या हाती चावी जाणार नाही, तो सख्खा भाचा असला तरी. भाड्यानं गाडी देण्याचा प्रश्नही एकदा निघाला होता. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून तेही नाही.

पहिल्या वर्षी काहीजण रुसले. एका लग्नात तर अब्बांना तोंडावर ऐकवलं गेलं की शहरातली माणसं गर्विष्ठ झाली. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी तीन फेऱ्या मारल्या आणि सगळ्यांना वेळेवर निकाहला पोचवलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच घरातल्या सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या. रस्त्यावर झाड पडलं होतं आणि रुग्णवाहिकेला उशीर होणार होता. सुदैवानं आम्ही गावी होतो. अब्बांनी आडवाटेनं, दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश गाडी काढली. बाळ आणि आई दोघं सुखरूप आहेत, अल्हम्दुलिल्लाह. त्यानंतर आठव्या माणसाचा हट्ट त्या घरानं धरलेला नाही.

घरखर्चात गाडीसाठी एक वेगळा डबा ठेवला आहे. त्यात महिन्याला 2,000 रुपये पडतात. सर्व्हिस, विमा, टायर आणि बॅटरी यांतूनच होतात, त्यामुळं अचानक कोणाकडं हात पसरावा लागत नाही. मामूंचे शेवटचे पैसे गेल्या रमजानच्या आधी फिटले आणि तो कागद त्यांच्या हाती परत दिला.

ज्या घरांत गाडी घेण्याचा विचार चालू आहे त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. किंमत जमली म्हणजे गाडी परवडली असं नाही. दर महिन्याची देखभाल जमेल का, "नाही" म्हणायची हिंमत आहे का आणि शेजाऱ्याच्या अडीअडचणीला उठायची तयारी आहे का, हे तीन प्रश्न घरात बसून आधी सोडवा. जुनी गाडी घेत असाल तर ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा आहे का पाहा, असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका आणि नाव लगेच बदलून घ्या. मग बिस्मिल्ला म्हणून खुशाल निघा. किनाऱ्याची वाट सुंदर आहे आणि गावातली दादी ओट्यावर वाट पाहते आहे.