ए-३ वही आणि आजीचा चौक

मागच्या शनिवारी माळा आवरायला काढला, तेव्हा ती वही पुन्हा सापडली. ए-३ आकाराची, ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद, काळं जाड पुठ्ठ्याचं कव्हर. आत वीस पानं. रंगवलेली पानं अडीच. अडीच अशासाठी की तिसऱ्या पानावर नुसतंच आकाश आहे, खाली काहीच नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका ज्युनियरने जेवताना विचारलं होतं, "मी पण चित्रं काढायला लागावं म्हणतोय, स्केचबुक कुठल्या साईझचं घेऊ?" एवढं पुरे होतं. माझी गाडी सुटली ती त्याचा डबा संपला तरी थांबली नाही. बिचारा नंतर म्हणाला, "सर, पण घेऊ कुठलं?" म्हणून मग इथे नीट लिहितोय.

आधी गणित, कारण स्वभावाला औषध नाही. ए-मालिकेतल्या कागदाच्या बाजूंचं गुणोत्तर १ ला वर्गमूळ २ असतं. त्यामुळे मधोमध घडी घातली की कागद निम्मा होतो आणि प्रमाण तेच राहतं. म्हणजे एका ए-३ मध्ये दोन ए-४, चार ए-५ किंवा आठ ए-६ मावतात. हे आपल्याला इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या सेमिस्टरपासून पाठ असतं. पण त्याचा खरा अर्थ मला वही विकत घेतल्यावर कळला. खिशातल्या ए-६ डायरीपेक्षा आठपट जागा, म्हणजे आठपट रंग आणि जवळजवळ तेवढाच जास्त वेळ. वीकेंडला मिळून दोन तास हाताशी असणाऱ्या माणसाने हा हिशोब आधी करायला हवा होता!

दुसरी गोष्ट म्हणजे टोक. ज्याने काढायचं त्याचं टोक केवढं आहे ते आधी बघावं. ०.३ मिलिमीटरच्या पेनाने ए-३ भरायला बसलात तर कौलं काढता काढता रविवार मावळेल, आणि अर्ध्या कागदावर रेषा मुंग्यांसारख्या दिसतील. पेनाला ए-५ पुष्कळ झाला. पेन्सिलीला ए-४ बरा, कारण मनगटाबरोबर कोपरही थोडा हलतो. कोळशाचं मात्र उलट आहे. तो खांद्यातून हात फिरवून काढायचा प्रकार, त्याला ए-३ सुद्धा कमीत कमी म्हणायचा. मी एकदा ए-५ वर कोळशाने आईचा चेहरा काढायला घेतला. डोळा काढेपर्यंत निम्मा चेहरा त्या डोळ्यातच गेला होता. शिवाय कोळसा आणि सॉफ्ट पेस्टल वहीत मिटले की समोरच्या पानाला लागतात. मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर सरळ सुटे कागद घ्या. माझं मत विचाराल तर या दोघांसाठी वही घेऊच नये.

जलरंगाला आकाराआधी जाडी. साध्या ड्रॉइंगच्या वहीवर पाणी पडलं की कागद पापडासारखा फुगतो आणि रंग खळग्यांत जाऊन बसतो. ३०० जीएसएम घेतला की हे बरंच टळतं. पण मोठा आकार म्हणजे मोठा वॉश, आणि मोठा वॉश म्हणजे मोठा ब्रश आणि वेगवान हात. पुण्यात एप्रिलमध्ये आकाश वरून अर्ध्यावर आणेपर्यंत वरची कड वाळलेली असते, मग मध्ये रेघ उमटते. माझ्या तिसऱ्या पानाचं तेच झालं. पुन्हा ३०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, आणि ए-३ म्हणजे चौरस मीटरचा आठवा भाग. एक पान साडेसदतीस ग्रॅम, वीस पानं पाऊण किलो. हा नुसता कागद. लॅपटॉपच्या सॅकमध्ये ती मावत नाही, बाईकवर धरता येत नाही.

हे सगळं मला आधी कळलं असतं तर आजीचा चौक हातचा गेला नसता.

आजी सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात भाडेकरू होती. दोन खोल्या, पुढे फरशीचा चौक, तुळशी वृंदावन, एक हौद आणि वर जाणारा काळोखा लाकडी जिना. २०२२ च्या दिवाळीत कळलं की वाडा पडणार, नवीन इमारत होणार. आजी म्हणाली, "एवढी चित्रं काढत असतोस, आपल्या चौकाचं एक काढून दे की रे." म्हटलं, देतो की! असं चित्र काय डायरीत काढायचं? भिंतीवर लावण्यासारखं हवं. म्हणून अप्पा बळवंत चौकात जाऊन ही वही आणली.

मग सराव करून जाऊ म्हटलं, आधीची अडीच पानं ती. मग रिलीज आलं. मग एका रविवारी निघालो तर आभाळ भरून आलं, एवढी वही पावसात कुठे नेता? एकदा तर रिक्षाने नेली आणि चौकात कुणाचं तरी वाळवण होतं म्हणून तशीच परत आणली. अशा सबबींना तोटा नसतो. टर्नर १८५१ मध्ये गेला तेव्हा त्याच्या मागे सुमारे ३०० स्केचबुकं राहिली, त्यांतली कित्येक खिशात मावतील एवढी आहेत. हे मला नंतर वाचायला मिळालं. असो.

मे २०२३ मध्ये खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी मी सामान उचलायला गेलो, चित्र काढायला नाही. वही घरी. टेम्पो यायला पाऊण तास होता. खिशात ए-६ ची डायरी, पहिल्या पानांवर स्टँडअप मीटिंगच्या नोंदी, आणि साधं बॉलपेन. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो आणि काढलं. वृंदावन थोडं तिरकं आलं. जिना आलाच नाही, कारण मी त्याच्यावरच बसलो होतो. घरी आल्यावर भिंतीला जरा पिवळट रंग द्यायला गेलो तर पातळ कागद आक्रसला आणि मागच्या पानावरच्या नोंदी फुगल्या. तिथेच थांबलो.

ज्युनियरला ए-५ सांगितला आहे. जाड कागदाचा, आडवा, शिवलेल्या बांधणीचा, म्हणजे दोन पानं उघडली की लांबलचक चित्रही काढता येतं. कोळसा हवा असेल तर नंतर बघू.

ते डायरीचं पान आता आजीच्या नव्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी फ्रेममध्ये आहे. फ्रेम चित्रापेक्षा चौपट मोठी. दिलं तेव्हा आजीने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अरे, पण नळ कुठाय? हौदाच्या डाव्या अंगाला नळ होता ना?"

मला तो आठवत नाहीये.