काळी रेघ

मेंदूचा मधला भाग आडवा कापला, तर दोन्ही बाजूंना एकेक काळी रेघ दिसते. इतकी ठळक, की ती पाहायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. पार्किन्सन झालेल्या माणसाच्या मेंदूत ती फिकी पडलेली असते. त्या काळ्या पेशी मेलेल्या असतात आणि त्या बनवत असलेलं डोपामीन आटलेलं असतं. लक्षणं उमटेपर्यंत बहुधा निम्म्या पेशी गेलेल्या असतात. तोवर उरलेल्या पेशी सगळं बिनबोभाट निभावून नेतात, याचं मला फार नवल वाटतं.

माझ्या आत्याचा हा आजार आधी तिच्या हिशेबाच्या वहीत उतरला. दूध, किराणा, इस्त्रीवाला... पानाच्या वरच्या ओळीतलं टपोरं अक्षर खाली येईस्तोवर मुंगीएवढं व्हायचं. हात थरथरू लागला तो नंतर. थरथर सगळ्यांना दिसते, पण तिला खरं छळतं ते सुरुवातच न होणं. उंबरठ्याशी पाय खिळतात. पायात बळ असतं, जायचंही असतं. पण जावंसं वाटणं आणि जाणं यांच्यामध्ये जे रसायन लागतं, तेच नसतं. मग ती फरशीच्या सांध्यावर नजर लावते, "हा ओलांडायचा" असं स्वतःला बजावते आणि चालू लागते. चेहराही तसाच थिजतो. पाहुणे विचारतात, "रागावलात का?" मला त्या प्रश्नाची चीड येते. तिला आनंद झालेला असतो, तो ओठांवर उमटत नाही इतकंच.

डोपामीन या रसायनाचं हे काम उलगडलं, त्या गोष्टीत आपल्या रानातल्या दोन वनस्पती भेटतात. रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचा गुण येतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 साली जगापुढे मांडलं. त्याच मुळीतलं रेसर्पिन 1957 साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग ज्यापासून डोपामीन बनतं तो एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. हा एल-डोपा खाजकुइलीच्या बियांमध्ये असतो. भारतीय संशोधकांनी 1937 सालीच तो त्यांतून वेगळा केला होता. पुढे 1960 साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूंमध्ये डोपामीन मोजलं. ते कमालीचं घटलेलं होतं.

डोपामीन थेट देऊन भागत नाही; रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरतो आणि आत जाऊन डोपामीन होतो. मात्र प्रथिनं त्याची वाट अडवतात, म्हणून आत्याची गोळी आणि वरणभात यांत अंतर ठेवावं लागतं. मेलेल्या पेशी गोळीनं परत येत नाहीत, आणि वर्षं सरतात तसा एकेका गोळीचा अंमल तोकडा होत जातो. तो असेपर्यंत आत्या पूजा, फोन, वेणीफणी उरकून घेते. ओसरला की उत्तर द्यायलाही तिला वेळ लागतो. ते येईपर्यंत दुसरा प्रश्न विचारायचा नाही, असं आमच्या घरात आता ठरलं आहे.