पाऊण लिटर

आपल्या होस्टेलवर गाड्यांवर बोलायला वेळकाळ लागत नाही. सबमिशन उद्यावर आलेलं असतं आणि रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये कुठल्या गाडीचा पिकअप भारी यावर भांडण चालू असतं. अशा वेळी कुणी "तुझ्या घरी कुठली रे?" विचारलं की मी "डिझेल इंडिका" म्हणून मोकळा व्हायचो आणि पुढची दहा मिनिटं सगळ्यांची करमणूक व्हायची. ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, वडापची गाडी... सगळं ऐकून झालंय. आता ती गाडी आमच्याकडे नाही. म्हणून हा लेख.

आमचं गाव तासगाव. पप्पा हायस्कूलला शिक्षक. २००७ च्या जुलैत त्यांनी कर्ज काढून इंडिका व्ही-टू घेतली, एम. एच. १०, रंग पांढरा. मी तेव्हा अगदी लहान होतो. १९९८ च्या शेवटी आलेलं आणि पिंपरीत बनणारं हे मॉडेल २०१८ मध्ये बंद झालं, पण आमच्या दारात ते २०२४ पर्यंत चालू होतं. चौदाशे सीसीचं साधं इंजिन, टर्बो नाही, कॉमन रेल नाही. डिझेल आधी प्रीचेंबरमध्ये पेटणार आणि मग पिस्टनवर येणार. त्यामुळे सकाळी चावी अर्धी फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं. हे थांबणं आमच्या घरात देवपूजेसारखं होतं. मी एकदा घाईत दिवा विझायच्या आधीच स्टार्टर मारला, तर पप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. (मार्क कमी पडले तेव्हा बोलले होते!)

पप्पांची गाडी सांभाळायची पद्धत म्हणजे एक स्वतंत्र विषय. ऑइल वेळेच्या आधी, टायमिंग बेल्ट वेळेच्या आधी, डिझेल फिल्टरमधलं पाणी स्वतःच्या हाताने काढायचं. रेल्वे फाटक लागलं की इंजिन बंद. सिग्नलला तीस सेकंदांच्या वर आकडा दिसला की इंजिन बंद. "उभ्या गाडीनं डिझेल प्यायचं म्हणजे झोपलेल्या माणसाला पगार देण्यासारखं आहे," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ओरलला सुद्धा तेच तोंडात येईल.

आणि डायरी. दरवेळी टाकी फुल्ल करायची, पहिल्या 'टक्' ला थांबायचं आणि पंपावरच बॉनेटवर डायरी ठेवून लिहायचं : तारीख, किलोमीटर, लिटर, भाव, शेरा. पहिल्या पानावर डिझेलचा भाव पस्तिशीच्या आसपास आहे, शेवटच्या पानावर नव्वदीच्या. तीन डायऱ्या, साडेचारशेच्या वर नोंदी. मागे गाड्यांचा हॉर्न वाजायचा तेव्हा मी सीटखाली तोंड लपवायचो.

तर झालं असं की, टी. ई. ला आय. सी. इंजिन्सच्या सरांनी सांगितलं, मिनी प्रोजेक्टला नेटवरचा डेटा आणू नका, खरा डेटा आणा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले. मी मात्र त्या शनिवारी घरी गेलो, डायऱ्यांचे फोटो काढले आणि दोन रात्री जागून सगळे आकडे एक्सेलमध्ये भरले. फुल्ल टाकी ते फुल्ल टाकी, किलोमीटर भागिले लिटर. सोपं गणित. आलेख असा सुरेख आला की विचारू नका. सतराच्या आसपास सरळ रेष. क्लच प्लेट बदलायच्या आधी थोडा उतार, बदलल्यावर पुन्हा वर. शेऱ्यात तसं लिहिलेलंच होतं.

फक्त एका ठिकाणी खड्डा. फेब्रुवारी ते जुलै २०१८. दहा नोंदी सलग, अॅव्हरेज चौदा. आणि शेऱ्यात दहाही ठिकाणी एकच अक्षर : 'मि.'

आम्ही ग्रुपमध्ये चर्चा केली. नोझल खराब असतील, पंपाचं टायमिंग हललं असेल, ब्रेक चिकटत असेल. 'मि.' म्हणजे मिस्त्री, म्हणजे गाडी सारखी गॅरेजला जात होती, हे तर उघडच. जुलैनंतर अॅव्हरेज आपोआप सतरावर आलं होतं, म्हणजे दुरुस्ती झाली. रिपोर्टमध्ये 'इंजेक्टरमधील संभाव्य दोष' असं ठोकूनही दिलं. छापायच्या आधी एकदा विचारावं म्हणून पप्पांना फोन केला.

ते म्हणाले, "मिस्त्री नव्हे रे. मिरज."

मी गप्प बसलो. २०१८ ला मी शाळेत होतो. आजीला मिरजेला न्यायचे हे माहीत होतं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस हे पण माहीत होतं. मला वाटायचं, सोडतात आणि आणतात.

"ते झाल्यावर तिला लगेच गाडीचे हादरे सोसायचे नाहीत," पप्पा म्हणाले. "मळमळायचं. मग मागच्या सीटवर तासभर आडवी व्हायची. उन्हाळा होता. एसी लावून बसायचो."

"इंजिन चालू ठेवून?"

"मग एसी काय हवेवर चालतो का? इंजिनियर ना तू?"

फोन ठेवल्यावर मी गणित केलं. मिरज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. सतराच्या अॅव्हरेजने साडेतीन लिटर, चौदाच्या अॅव्हरेजने सव्वाचार. फरक पाऊण लिटर. उभ्या इंडिकाला एसी लावून तासाला जेवढं डिझेल लागेल, साधारण तेवढंच. नोझल ठीक होते, ब्रेक ठीक होते. ऑगस्टमध्ये आजी गेली आणि माझा आलेख सतरावर आला. मी त्याला दुरुस्ती म्हटलं होतं.

रिपोर्टमधलं ते वाक्य काढलं. त्या जागी 'गाडी उभी असताना इंजिन चालू' एवढंच लिहिलं. सरांनी ओरलला विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "घरगुती." सरांनी पुढचा प्रश्न विचारला, त्यांचे आभार.

गाडी विकायचा आग्रह माझाच होता. २०२२ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पप्पांनी पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षं वाढवून घेतली होती. पण मी होस्टेलवर, ते निवृत्त, गाडी आठवडाभर जागची हलत नव्हती. बॅटरी उतरायची, टायर एकाच जागी दबायचे. धुराबद्दल मी कॉलेजमध्ये शिकलेलं सगळं त्यांना ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे आणि फडकं घेऊन काच पुसायला जायचे. २०२४ च्या दिवाळीत मात्र स्वतःच म्हणाले, "बघ कुणी गिऱ्हाईक."

जतकडचा एक मंडपवाला आला. जाणकार होता. आधी बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना बघितलं. गाडी चालू करून ऑइलचं झाकण काढलं, धूर येतो का पाहायला. नाही आला. एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटरला नाही आला! त्याने पप्पांकडे बघून मान हलवली. पंचावन्न हजाराला व्यवहार ठरला.

निघताना पप्पा त्याला म्हणाले, "दिवा विझू दे, मग चावी." आणि तिन्ही डायऱ्या त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "काका, ह्याचं मी काय करू?" पप्पा म्हणाले, "गाडीच्या आहेत त्या." त्याने डॅशबोर्डवर ठेवल्या. गाडी वळेपर्यंत आई दारात होती. पप्पा आधीच आत गेले होते.

मी होस्टेलला परत आलो त्या रात्री त्यांचा फोन आला. आवाजावरून झोपलेले वाटत नव्हते.

"ते आकडे सगळे तुझ्या कॉम्प्युटरवर आहेत ना?"

"आहेत पप्पा."

"दोन हजार अठराचे पण?"

"सगळे आहेत."

"बरं," ते म्हणाले. "मेसला आज काय होतं?"